पाकिटामागे बारा पेसो: फिलिपिन्सच्या ‘पापकरा’चं प्रकरण

फेब्रुवारीचा पगार झाला की ऑफिसात नव्याने लागलेला एखादा मुलगा हमखास विचारतो, ‘पीटी’चे दर महिन्याला दोनशे कापतात, मग या महिन्यात तीनशे का? वर्षाचे अडीच हजार पुरे करायचे असतात म्हणून, एवढंच उत्तर आहे. पण हा व्यवसाय कर मुळात आला कशासाठी, हे सांगितलं की बहुतेकांना नवल वाटतं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं निघाली. ती कायम चालवायची तर पैसा कुठून आणायचा, या प्रश्नातून १९७५ चा व्यवसाय कराचा कायदा झाला. पगारदाराने आणि व्यावसायिकाने थोडं द्यायचं, सरकारने त्यात तेवढीच भर घालायची आणि त्यातून खेड्यातल्या माणसाच्या हाताला काम द्यायचं. एखादा कर एखाद्या कामाला बांधून ठेवायचा, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

आरोग्यसेवेसाठी असा बांधलेला कर टिकतो का? या प्रश्नावर मला सर्वांत जास्त शिकवणारं प्रकरण फिलिपिन्सचं वाटतं. तिथे २०१२ मध्ये सिगारेट आणि दारूवरचा कर वाढवून गरिबांच्या आरोग्य विम्याचे हप्ते भरायला सुरुवात झाली. कर उत्तम आखला होता आणि वसुलीही अपेक्षेपेक्षा जास्त झाली. पुढे बारा वर्षांनी त्याच विम्याच्या निधीला हात घातला गेला तो सरकारी तिजोरीकडूनच.

१९९६ ची किंमत, २०१२ चं पाकीट

फिलिपिन्समध्ये गल्लोगल्ली ‘सारी-सारी’ नावाची घरगुती दुकानं असतात. घराच्या खिडकीला जाळी, जाळीआड एक बाई, मागे लटकलेल्या शांपूच्या पुड्या. तिथे सिगारेट पाकिटाने कमी आणि सुटी जास्त विकली जाते. या सुट्या खरेदीला ते ‘टिंगी’ म्हणतात. आपल्याकडची पानटपरी डोळ्यांसमोर आणली की चित्र पुरं होतं. शाळकरी मुलालाही परवडेल अशी ही विक्री.

सिगारेट इतकी स्वस्त राहण्यामागे कराच्या कायद्यातली एक मेख होती. १९९७ पासून लागू झालेल्या पद्धतीत सिगारेटचे किमतीनुसार चार गट केलेले होते: स्वस्त, मध्यम, महाग आणि अतिमहाग. स्वस्त गटाला कर कमी, महागाला जास्त. वरवर पाहता यात न्याय दिसतो. पण जुन्या ब्रँडचा गट ठरवताना किंमत धरायची ती १९९६ ची, आणि ती यादी कायद्याला जोडून गोठवून टाकलेली. म्हणजे २०१२ मध्ये एकाच दुकानात, एकाच भावाला दोन पाकिटं मिळत असली, तरी यादीतल्या जुन्या ब्रँडवर कर १९९६ च्या भावाच्या गटाने लागायचा आणि नव्या ब्रँडवर आजच्या भावाने. नव्या स्पर्धकाला बाजारात पाय ठेवणं अवघड आणि जुन्याला कायद्याचंच कुंपण. २०१० मध्ये फॉर्च्युन टोबॅको आणि फिलिप मॉरिस एकत्र आल्या, तेव्हा या एका कंपनीकडे नव्वद टक्क्यांहून जास्त बाजार होता.

२०१२ मध्ये सर्वांत स्वस्त गटावर पाकिटामागे कर होता २.७२ पेसो, सर्वांत वरच्या गटावर २८.३० पेसो. धूम्रपान करणाऱ्याला कर चुकवायचा असेल तर काही बेकायदा करायची गरज नव्हती. एक पायरी खाली उतरून स्वस्त ब्रँड घेतला की झालं. महागाई वाढत होती, पण कर तिच्यासोबत आपोआप वाढत नव्हता. प्रत्येक वाढीसाठी संसदेत जायचं आणि तिथे तंबाखूवाल्या प्रांतांच्या खासदारांची भिंत.

ही भिंत समजून घ्यायला मराठी माणसाला लांब जावं लागत नाही. उत्तरेकडच्या इलोकोस भागात तंबाखू हे रोकड पीक आहे, जसं ते निपाणी पट्ट्यात आहे. निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांचं १९८१ चं आंदोलन ज्यांनी ऐकलं-वाचलं आहे, त्यांना हे माहीत आहे की तंबाखूच्या भावात अख्ख्या गावाची दिवाळी अडकलेली असते. कर वाढला की शेतकरी मरेल, ही हाक कंपनीच्या सोयीची असली तरी ती ऐकणाऱ्या शेतकऱ्याची भीती खोटी नसते. यापूर्वीच्या बहुतेक सुधारणा याच हाकेपुढे बोथट झाल्या.

दहा विरुद्ध नऊ

राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अक्विनो तिसरे स्वतः सिगारेट ओढणारे. तरीही त्यांच्या सरकारने हा विषय हाती घेतला आणि एक फार महत्त्वाची गोष्ट केली: विधेयक महसुलाचं म्हणून न मांडता आरोग्याचं म्हणून मांडलं. अर्थमंत्री सेझार पुरिसिमा आणि करवसुली खात्याच्या प्रमुख किम हेनारेस यांच्या बरोबरीने आरोग्यमंत्री एन्रिके ओना पुढे होते. डॉक्टरांच्या संघटना, अर्थशास्त्रज्ञांचे गट आणि तंबाखूविरोधी कार्यकर्ते एका बाजूला आले. एरवी ही मंडळी एका मांडवात बसत नाहीत. कुणाला कर्करोगाची काळजी, कुणाला बाजारातल्या मक्तेदारीची, कुणाला तिजोरीतल्या खड्ड्याची. कायदा मात्र सगळ्यांना एकच हवा होता.

सिनेटमध्ये घोडं अडलं. अर्थविषयक समितीचे अध्यक्ष राल्फ रेक्टो यांनी मांडलेल्या मसुद्यातून येणारी रक्कम सरकारला हव्या असलेल्या रकमेपेक्षा खूपच कमी होती. टीका इतकी झाली की ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांनी समितीचं अध्यक्षपद सोडलं, आणि फ्रँकलिन ड्रिलॉन यांनी सूत्रं हाती घेतली. रेक्टो हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे. डिसेंबरमध्ये अंतिम मसुदा सिनेटसमोर आला तेव्हा बाजूने दहा मतं पडली, विरोधात नऊ. एका मताने कायदा झाला. डिसेंबर संपायच्या आत अक्विनोंची सही झाली आणि १ जानेवारी २०१३ पासून प्रजासत्ताक कायदा क्रमांक १०३५१ लागू झाला. लोक त्याला ‘सिन टॅक्स’ म्हणतात, म्हणजे पापकर.

कायद्यात काय होतं

करांची आखणी हा विषय रुक्ष वाटतो, पण या प्रकरणाचा जीव तिथेच आहे.

पहिलं म्हणजे १९९६ ची गोठलेली यादी रद्द झाली. चार गटांचे आधी दोन झाले, आणि पाच वर्षांत दोनांचा एक करायचा हे कायद्यातच लिहिलं. स्वस्त गटावरचा कर पहिल्याच वर्षी २.७२ वरून १२ पेसोंवर गेला, म्हणजे चौपटीहून जास्त. मग १७, २१, २५ असं चढत २०१७ मध्ये स्वस्त-महाग सगळ्यांना सरसकट ३० पेसो. पायरी उतरून कर चुकवण्याची वाटच बंद झाली. त्यानंतर दर वर्षी चार टक्के वाढ आपोआप. माझ्या मते ही शेवटची ओळ सगळ्यांत मोलाची, कारण तिने कराला संसदेच्या दारात दर वेळी उभं राहण्यातून सोडवलं.

दुसरं, पैशाची वाटणी. सिगारेटवरच्या वाढीव वसुलीतले १५ टक्के तंबाखू पिकवणाऱ्या भागांना. इलोकोसच्या शेतकऱ्याला दुसऱ्या पिकाकडे, दुसऱ्या धंद्याकडे वळता यावं यासाठी. उरलेल्या वाढीव रकमेतले ८० टक्के सार्वत्रिक आरोग्यसेवेकडे, ज्यात मुख्य वाटा गरीब कुटुंबांच्या ‘फिलहेल्थ’ या सरकारी आरोग्य विम्याच्या हप्त्यांचा. बाकीचे २० टक्के वैद्यकीय मदत आणि दवाखान्यांच्या बांधकाम-सुधारणेसाठी.

हे आकडे हवेत राहू नयेत म्हणून मी एकदा कागदावर हिशेब मांडून पाहिला. स्वस्त पाकिटावर २०१३ मध्ये कर वाढला ९.२८ पेसोंनी. त्यातले १५ टक्के शेतकऱ्यांचे गेले, उरले ७.८९. त्याचे ८० टक्के म्हणजे ६.३१ पेसो. गरीब कुटुंबाचा फिलहेल्थचा वार्षिक हप्ता होता २,४०० पेसो. हा ८० टक्क्यांचा सगळा वाटा हप्त्यांकडेच गेला असं धरलं, तर ३८० पाकिटांत एका कुटुंबाचा वर्षाचा विमा. रोज एक पाकीट ओढणारा माणूस वर्षभरात आणि वर दोन आठवड्यांत एका घराचा हप्ता भरून मोकळा होतो. याच हिशेबात या कराची अडचणही आहे: त्या माणसाने सिगारेट सोडली, जे व्हावं म्हणून कर लावला, तर त्या घराचा हप्ता कुणी भरायचा? त्याकडे पुढे येतोच.

पहिली काही वर्षं

यश थोडक्यात सांगता येतं. पहिल्या वर्षी सुमारे ३४ अब्ज पेसो जास्तीचे येतील असा सरकारचा अंदाज होता, आले सुमारे ५१ अब्ज. सरकार ज्यांचा हप्ता भरतं अशी कुटुंबं २०१२ मध्ये सुमारे ५२ लाख होती, २०१५ पर्यंत ती दीड कोटीच्या पुढे गेली. आरोग्य खात्याचं अंदाजपत्रक २०१६ पर्यंत तिपटीच्या आसपास पोचलं. २०१४ मध्ये आणखी एक कायदा होऊन साठीच्या पुढचा प्रत्येक नागरिक आपोआप विम्यात आला आणि त्याचाही खर्च याच पापकरातून. तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २००९ मध्ये २९.७ टक्के होतं, २०१५ मध्ये २३.८ आणि २०२१ मध्ये १९.५.

चोरवाटांना मात्र थोडा वेळ द्यायला हवा, कारण कर वाढवू नका म्हणणारे सगळीकडे पहिलं बोट याच गोष्टीकडे दाखवतात. कर वाढताच मायटी नावाच्या देशी कंपनीच्या स्वस्त सिगारेटी बाजारात पसरल्या. भाव इतका कमी की त्यात कर आणि खर्च दोन्ही कसे बसतात, असा प्रश्न पडावा. सरकारने पाकिटांवर सुरक्षित करमुद्रा चिकटवणं सक्तीचं केलं. २०१७ मध्ये या कंपनीच्या गोदामांवर छापे पडले आणि बनावट मुद्रांची खोकीच्या खोकी सापडली. शेवटी कंपनीचा धंदा जपानी तंबाखू कंपनीने विकत घेतला आणि सरकारला तडजोडीचे सुमारे ३० अब्ज पेसो मिळाले. एवढी मोठी रक्कम हाती आली ती गोदामांपर्यंत जाऊन खोकी उघडणारी माणसं खात्याकडे होती म्हणून. चोरी होते म्हणून कर नको, हा युक्तिवाद मला पटत नाही तो याचमुळे. चोरी होते तर तपासनीस वाढवावेत.

गरिबाच्याच खिशातून?

या करावरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे. सिगारेट ओढणाऱ्यांत गरीब जास्त. सरसकट तीस पेसो म्हणजे गाडीवाल्यालाही तीस आणि गोदीतल्या हमालालाही तीस. हमालाच्या उत्पन्नातून तो हिस्सा मोठा. हे खरं आहे आणि नुसतं ‘सोडा मग’ म्हणून ते उडवून लावणं मला माणुसकीला धरून वाटत नाही. व्यसन असं हुकमाने सुटत नाही.

तरीही फिलिपिन्समध्ये हा आक्षेप बराचसा पेलला गेला, याचं कारण पैसा परत कुठे गेला यात आहे. हप्ता भरला गेला तो गरिबाचाच. कर सगळ्या ओढणाऱ्यांनी दिला, पण फायदा वरच्या थराकडे गेला नाही. हीच वसुली एखाद्या उड्डाणपुलाकडे वळली असती तर आक्षेप शंभर टक्के बरोबर ठरला असता.

आपल्याकडे याच्या उलट चित्र आहे ते विडीचं. सिगारेटवर कर जास्त, विडीवर कमी, कारण विडी गरिबाची आणि ती वळणारे हात सोलापूर-सिन्नरच्या बायकांचे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचं ठरवलं. विडी वळणाऱ्या बाईची काळजी मला पूर्णपणे मान्य आहे. पण तिच्या रोजगारासाठी तिच्याच नवऱ्याच्या फुप्फुसाला सवलत द्यायची, ही सोय मला बरी वाटत नाही. इलोकोसच्या शेतकऱ्यासाठी राखलेले १५ टक्के ही त्याहून सरळ वाट होती: माल महाग करायचा आणि त्यावर जगणाऱ्याला दुसऱ्या धंद्यासाठी रोख मदत द्यायची.

आटणारी विहीर

२०१९ च्या फेब्रुवारीत फिलिपिन्सने सार्वत्रिक आरोग्यसेवेचा कायदा केला. प्रत्येक नागरिक विम्यात. त्यासाठी पैसा लागणार म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये सिगारेटवरचा कर पुन्हा वाढवला: २०२० मध्ये ४५ पेसो, मग दर वर्षी पाच-पाच करत २०२३ मध्ये ६०, आणि २०२४ पासून दर वर्षी पाच टक्के. गोड पेयांवर २०१८ पासूनच कर होता, साध्या साखरेच्या पेयांना लिटरमागे ६ पेसो आणि मक्याच्या पाकाच्या पेयांना १२. दारू आणि ई-सिगारेटही यात ओढली गेली.

तंबाखूवरची वसुली २०२१ मध्ये सुमारे १७६ अब्ज पेसोंपर्यंत चढली आणि तिथून उतरू लागली. २०२३ मध्ये ती १३५ अब्जांच्या आसपास होती. काहींनी ओढणं सोडलं, काही ई-सिगारेटकडे गेले, काही तस्करीच्या पाकिटांकडे. मघाचा प्रश्न इथे खरा ठरतो. पापकर हा आरोग्यसेवेचा कायमचा एकमेव झरा होऊ शकत नाही, कारण त्याने आपलं काम नीट केलं तर तो आटतोच. तो सुरुवातीचं भांडवल म्हणून फार चांगला. एका झटक्यात कोटभर घरांना आत आणायला त्याच्याइतकं जलद साधन दुसरं नाही. पण त्या झटक्यानंतरची दहा वर्षं सामान्य महसुलाने आणि पगारदारांच्या वर्गणीने भार उचलायला शिकायला हवं. फिलिपिन्समध्ये वर्गणी वाढवली गेली, २०२४ मध्ये ती पगाराच्या पाच टक्क्यांवर आली. पण इतकं असूनही देशाच्या आरोग्यखर्चातला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग आजही लोक स्वतःच्या खिशातून भरतात. विम्याचं कार्ड आणि दवाखान्याचं बिल यांच्यातली दरी भरली गेली नाही. २०२० मध्ये फिलहेल्थमधल्या भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून सिनेटमध्ये चौकशी झाली आणि फिलहेल्थच्या प्रमुखांना पायउतार व्हावं लागलं, तेव्हा लोकांचा विश्वासही उडाला.

कुंपणाने शेत खाल्लं

आणि मग २०२४. फिलहेल्थला दिला जाणारा सरकारी पैसा दर वर्षी पूर्ण खर्च होत नव्हता, शिल्लक साठत होती. या शिलकीचा सरळ अर्थ असा, की रुग्णाला द्यायचे लाभ जितके वाढवायला हवे होते तितके वाढवले नव्हते. अर्थ खात्याने अर्थ वेगळा काढला: पैसा पडून आहे, तर तो इतर कामांना वापरू. ८९.९ अब्ज पेसो ‘अतिरिक्त’ ठरवून ते तिजोरीत जमा करायचा आदेश निघाला. अर्थमंत्री होते राल्फ रेक्टो, ज्यांना २०१२ मध्ये समितीचं अध्यक्षपद सोडावं लागलं होतं तेच. मे ते ऑक्टोबर या काळात तीन हप्त्यांत ६० अब्ज पेसो निघून गेले. उरलेल्या २९.९ अब्जांवर सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबरला स्थगिती दिली. त्यानंतर डिसेंबरमध्ये संसदेने २०२५ च्या अंदाजपत्रकात फिलहेल्थचं अनुदान, प्रस्ताव ७४ अब्जांहून जास्तीचा असताना, शून्यावर आणलं.

पापकराच्या कायद्यांत आरोग्याचा वाटा लिहून ठेवला आहे. तो वाटा येतो मात्र अंदाजपत्रकातून, आणि अंदाजपत्रक दर वर्षी नव्याने मंजूर होतं. म्हणजे कुलूप कायद्यात आणि किल्ली तिजोरीवाल्याच्या खिशात. आपल्याकडेही प्राप्तिकरावर चार टक्के ‘आरोग्य व शिक्षण अधिभार’ २०१८ पासून आहे. लाखाचा कर भरणाऱ्याचे चार हजार त्यात जातात. गोळा झालेले अधिभार नेमलेल्या निधीत वेळेवर आणि पूर्ण जात नाहीत, हे महालेखापरीक्षकांनी वेळोवेळी नोंदवलं आहे. ही दुखणी सख्खी भावंडं आहेत.

फिलिपिन्समध्ये फरक पडला तो लोक गप्प न बसल्यामुळे. सिनेटर, निवृत्त न्यायाधीश, डॉक्टर, कामगार संघटना न्यायालयात गेल्या. त्यांच्या बाजूचा सर्वांत साधा मुद्दा असा होता, की हा पैसा मुळात कुणाकडून कशासाठी घेतला ते कायद्यात अक्षरांनी लिहिलं आहे. २०१२ मध्ये वाटणी इतक्या स्पष्ट आकड्यांत लिहिली नसती, तर हा मुद्दा उभाच राहिला नसता. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी ६० अब्ज परत करण्याची घोषणा केली आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम हलवणंच अवैध ठरवून ती परत करण्याचा आदेश दिला.

साठ अब्ज म्हणजे किती, याचाही मी एक हिशेब केला. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला आठवड्याला तीनदा डायलिसिस लागतं, वर्षाला १५६ वेळा. २०२३ पर्यंत फिलहेल्थ वर्षाला ९० वेळांचेच पैसे देत असे, बाकीचे ज्याचे त्याने पाहायचे. आता पूर्ण १५६ वेळांचे मिळतात, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून एका वेळेचा दर ६,३५० पेसो आहे. म्हणजे एका रुग्णाला वर्षाला ९,९०,६०० पेसो. साठ अब्जांना त्याने भागलं तर उत्तर साठ हजारांच्या थोडं वर येतं. साठ हजार माणसांचं वर्षभराचं डायलिसिस, एकही फेरी न चुकवता.